'ब्लाइंड फेथ' एका बैठकीत ऐकवून मतं कशी गोळा करावीत

'ब्लाइंड फेथ' या १९६९ च्या रॉक अल्बमबद्दल विचारलं की एकजण सांगतो, पहिली बाजू सोन्यासारखी आणि दुसरी वाया. दुसरा म्हणतो, हा गिटारवाल्या क्लॅप्टनचा नव्हे, गायक विनवूडचा अल्बम. तिसऱ्याला नेमकं शेवटचं पंधरा मिनिटांचं गाणंच सगळ्यात जास्त आवडलेलं असतं. मतं वेगळी असायला काहीच हरकत नाही. अडचण अशी की या तिघांनी एकच गोष्ट ऐकलेली नसते. एकाने मोबाइलवर दोन गाणी ऐकली, एकाने जादा जॅम (आयत्या वेळी सुचेल तसं एकत्र वाजवणं) असलेली दोन सीडींची आवृत्ती ऐकली, एकाने बुरशीने करकरणारी एलपी. अशी मतं शेजारी मांडली तर त्यांतून आवृत्ती आणि मशीन यांच्याबद्दल कळतं, संगीताबद्दल फारसं नाही. म्हणून आधी सगळ्यांना एकच गोष्ट, एकाच खोलीत, नीट ऐकवायची. मग बोलण्याआधी लिहून घ्यायचं. गोव्यातल्या घरात हे कसं जमवायचं ते खाली दिलं आहे.

आधी अल्बमची माहिती. स्टीव्ह विनवूड (गायन, ऑर्गन-पियानो), एरिक क्लॅप्टन (गिटार), जिंजर बेकर (ड्रम) आणि रिक ग्रेच (बास, व्हायोलिन) हे चौघे १९६९ साली 'ब्लाइंड फेथ' याच नावाच्या बँडमध्ये एकत्र आले. क्लॅप्टन आणि बेकर 'क्रीम'मधून आले. त्या बँडचा निरोपाचा कार्यक्रम नोव्हेंबर १९६८ मध्ये झाला होता. विनवूड 'ट्रॅफिक'मधून आला, ग्रेच 'फॅमिली'मधून. ७ जून १९६९ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये त्यांचा पहिला, तोही मोफत, कार्यक्रम झाला. ऑगस्टमध्ये अल्बम निघाला. निर्माता जिमी मिलर. अमेरिकेचा दौरा त्याच ऑगस्टमध्ये संपला आणि बँडही तिथेच संपला. अल्बम हा एवढा एकच. ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे तो पहिल्या क्रमांकावर गेला होता. पण बैठकीत ही शेवटची गोष्ट ऐकण्याआधी सांगू नका, कारण 'पहिल्या क्रमांकाचा' हे शब्द कानावर पडले की माणसं कौतुकाची कारणं शोधायला लागतात.

कोणती आवृत्ती वाजवायची

मूळ अल्बममध्ये सहाच गाणी आहेत. पहिल्या बाजूला 'हॅड टू क्राय टुडे' (८:४८), 'कान्ट फाइंड माय वे होम' (३:१६), 'वेल ऑल राइट' (४:२७) आणि 'प्रेझेन्स ऑफ द लॉर्ड' (४:५०). दुसऱ्या बाजूला 'सी ऑफ जॉय' (५:२२) आणि 'डू व्हॉट यू लाइक' (१५:२०). एक बाजू साधारण २१ मिनिटांची, म्हणजे सगळं मिळून ४२ मिनिटं. बैठकीत हेच सहा, याच क्रमाने.

२००१ च्या डीलक्स आवृत्तीत दोन सीडी आहेत. पहिल्या सीडीवर मूळ सहा गाण्यांच्या मागे जादा गाणी लागतात, त्यांत 'कान्ट फाइंड माय वे होम'चं इलेक्ट्रिक रूपही आहे. दुसरी सीडी नुसत्या लांबलचक जॅमची. अभ्यासाला हे सगळं उत्तम, पण मतं घेताना घात करतं: 'फार पसरट अल्बम आहे' अशी तक्रार बऱ्याचदा या जॅमबद्दल असते आणि सांगणाऱ्याला ते माहीत नसतं. १९८६ च्या सुमाराच्या सीडीवर तर दोन अशी जादा गाणी घुसवली होती, जी मुळात या बँडची नाहीतच. ती ग्रेचची स्वतःची ध्वनिमुद्रणं. ती सीडी हाती आली तर सहाव्या गाण्यानंतर थांबवा.

मोबाइल अॅपवरून वाजवणार असाल तर सहा गाण्यांची वेगळी यादी करून डाउनलोड करून ठेवा. शफल बंद, क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणारी सोय) बंद, आणि आवाज सारखा करणारी सोय, म्हणजे नॉर्मलायझेशन, तीही बंद. शेवटी ऑटोप्ले बंद करायला विसरू नका. नाहीतर बेकरचा ड्रम संपता संपता भलतंच गाणं सुरू होतं आणि लोकांच्या मनात जे साठलेलं असतं ते सांडून जातं.

मुखपृष्ठाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मूळ ब्रिटिश मुखपृष्ठावर अल्पवयीन मुलीचं अर्धनग्न छायाचित्र होतं. अमेरिकेत त्यावरून गदारोळ झाला आणि तिथे बँडच्या फोटोचं वेगळं मुखपृष्ठ आलं. निमंत्रणात, ग्रुपवर किंवा टेबलावर ते मूळ चित्र ठेवू नका. ते फिरवणं गैर आहेच, शिवाय मग सगळी संध्याकाळ त्यावरच बोलण्यात जाते. बँडच्या फोटोचं मुखपृष्ठ घ्या किंवा नुसती गाण्यांची यादी छापा.

वेळ आणि खोली

पावसाळ्यात बैठक ठेवायची तर छप्पर बघा. वर पत्रे असतील तर जून-जुलैत ठेवूच नका. 'कान्ट फाइंड माय वे होम' हे अकूस्टिक गिटार आणि विनवूडचा उंच पट्टीतला आवाज एवढ्यावर उभं आहे, एक सर आली की ते गेलं. मंगळुरी कौलांखाली माफक पाऊस चालतो. राजांगण असलेल्या जुन्या घरात मात्र पागोळ्यांचा आवाज चारी बाजूंनी येतो, तेव्हा राजांगणाला लागून असलेली खोली टाळा आणि पुढचा सोपा, म्हणजे ओसरी, घ्या. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधीचे पंधरा दिवस सोडून द्या, कुणाचं चित्त थाऱ्यावर नसतं आणि शेजारी घुमट (मातीचं तालवाद्य) आरतीचा सराव चालू असतो. दिवाळीनंतर ते मार्चपर्यंतची रविवारची संध्याकाळ सगळ्यात सोयीची. साडेपाचला जमा, सहाला सुरुवात, साडेआठपर्यंत आटपा. उघड्या जागी रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला बंदी आहे, आणि खोलीतून बाहेर जाणारा बासही शेजाऱ्याच्या झोपेला पुरेसा असतो.

फरशी लाद्यांची किंवा मोझॅकची असली की टाळी वाजवून बघा. टाळीमागे कर्कश थरथर ऐकू आली तर स्पीकर आणि श्रोते यांच्यामध्ये जाड सतरंजी टाका आणि समोरच्या भिंतीवर पडदा किंवा गोधडी लावा. लाद्या तशाच ठेवल्या तर झांजांचा आवाज इतका बोचतो की 'बेकर फार गोंगाट करतो' असं मत तुमच्या कागदावर हमखास येणार, आणि तो दोष लाद्यांचा.

दोन स्पीकरमध्ये २ ते २.५ मीटर अंतर ठेवा, मागच्या भिंतीपासून निदान ५० सेंटीमीटर पुढे, कोपऱ्यात मुळीच नको. कोपरा बास फुगवतो आणि ग्रेचचे सूर एकमेकांत चिकटून नुसतं घुमणं उरतं. उंच आवाजाचा छोटा स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर यावा. ब्लूटूथचा एकच डबा वापरू नका. 'हॅड टू क्राय टुडे'च्या शेवटाकडे गिटारी एकमेकींत गुंततात. दोन स्पीकर नसतील तर तो गुंता म्हणजे नुसती गर्दी.

आवाजाची पातळी मधल्या खुर्चीवर ७५ ते ८० डेसिबलच्या आसपास ठेवा. मोबाइलवरचं मोफत मीटर यासाठी पुरतं. 'प्रेझेन्स ऑफ द लॉर्ड'च्या मधल्या भागात वाह-वाह गिटार (पायाच्या पेडलने 'वा-वा' असा आवाज काढणारी) उसळते, त्या जागेवर पातळी लावा. पहिल्या ओळीवर लावली तर मधे कुणीतरी उठून आवाज कमी करेल आणि गाण्याचा सगळा उतार-चढाव मोडेल.

एलपी वाजवणार असाल तर

गोव्यात तबकडीची पहिली शत्रू बुरशी. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या वर राहते आणि कागदी आतल्या पाकिटात कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे फाटे फुटतात. ते खाचेत असतात, म्हणून नुसत्या कोरड्या फडक्याने पुसून जात नाहीत, उलट आत दाबले जातात.

चार भाग डिस्टिल्ड वॉटर आणि एक भाग शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळा. एका लिटरला बिनवासाच्या भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब. विहिरीचं किंवा नळाचं पाणी नको, त्यातले क्षार सुकून खाचेत बसतात आणि टिकटिक वाढते. मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने गोल फिरवत धुवा, मधल्या लेबलवर पाणी जाऊ देऊ नका, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा धुवा आणि पंख्याखाली उभी ठेवून दोन तास सुकवा. उन्हात ठेवू नका, तबकडी वाकते. तोंडाला मास्क बांधा, बुरशीची धूळ छातीला बरी नाही. जुनं कागदी पाकीट फेकून नवं प्लॅस्टिकचं अस्तर असलेलं पाकीट घाला. धुतलेली तबकडी त्याच पाकिटात परत घातली तर महिन्याभरात फाटे परत येतात.

इथे एक ताकीद. घरात केसरबाई केरकर किंवा दीनानाथ मंगेशकर यांच्या ७८ च्या जुन्या तबकड्या असतील तर हे मिश्रण त्यांना चुकूनही लावू नका. त्या लाखेच्या असतात, अल्कोहोल लाख विरघळवतं आणि तबकडी कायमची जाते. त्यांच्यासाठी वेगळी बाटली, वेगळा ब्रश, अल्कोहोल शून्य.

सुईचा भार कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या भागाच्या, कागदावर लिहिलेला असतो, बहुतेक साध्या कार्ट्रिजना दीड ते दोन ग्रॅमच्या आसपास. तराजूवर मोजा; काउंटरवेटवरच्या (दांडीच्या मागच्या वजनावरच्या) आकड्यावर विसंबू नका. भार कमी ठेवला तर तबकडी वाचते हा गैरसमज आहे. हलकी सुई खाचेत उडते आणि जास्त खरवडते. या अल्बमची दुखरी जागा पहिल्या बाजूच्या शेवटी आहे: 'प्रेझेन्स ऑफ द लॉर्ड' सगळ्यात आतल्या खाचांत येतं आणि तिथे सुईला कमी लांबीत जास्त नाद वाचावा लागतो. सुई झिजलेली किंवा तिरकी बसवलेली असेल तर वाह-वाह गिटार 'खर्र' अशी फाटते आणि विनवूडच्या 'स'कारांवर थुंकी उडाल्यासारखा आवाज येतो. बैठकीच्या आदल्या दिवशी हे एकच गाणं वाजवून बघा. इथे स्वच्छ वाजलं तर बाकी सगळं स्वच्छ वाजेल.

वेग तपासायला स्ट्रोब तबकडी (फिरताना दिव्याखाली तिच्या रेघा स्थिर दिसल्या तर वेग बरोबर) वापरा, पण आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची. ३३⅓ वेगासाठी तिच्यावर १८० रेघा असतात. अमेरिकेहून आलेल्या ६० हर्ट्झच्या तबकडीवर २१६, आणि ती इथल्या दिव्याखाली कधीच स्थिर दिसणार नाही. एलईडीचे पुष्कळ दिवे लुकलुकत नाहीत, त्यांच्याखाली रेघा नुसत्याच पुसट दिसतात, म्हणून जुना पिवळा बल्ब शोधा. पट्टा सैल होऊन वेग एक टक्का जरी उतरला तरी सूर खाली येतो. हार्मोनियम वाजवणारा कुणी बैठकीत असेल तर तो आधी तेच बोलेल.

स्पीकर आणि टर्नटेबल एका टेबलावर ठेवू नका. जुन्या घरांत माडीवर लाकडी तक्तपोशी असते. तिच्यावर कुणी चाललं की सुई उडी मारते. तळमजला घ्या किंवा टर्नटेबल भिंतीतल्या फळीवर ठेवा. गुणगुण ऐकू आली तर आधी टर्नटेबलची अर्थची बारीक तार अॅम्प्लिफायरच्या स्क्रूला लागली आहे का बघा, बऱ्याचदा तिथेच चूक सापडते. वीज जाण्याची भीती असेल तर लक्षात ठेवा, साध्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर एसी मोटर थरथरते. अशा वेळी मोबाइल आणि बॅटरीचा अॅम्प्लिफायर बरा.

कुणाला बोलवायचं

आठ ते बारा माणसं. त्याहून जास्त झाली तर कडेच्या खुर्च्यांवर एकच स्पीकर ऐकू येतो. सगळे रॉकवाले बोलावू नका. गोव्याचा मोठा फायदा असा की एका गावात चर्चच्या क्वायरमध्ये व्हायोलिन शिकलेला माणूस, बीट शोमध्ये (बँडच्या जाहीर कार्यक्रमात) गिटार वाजवलेला आणि देवळात भजनाला तबला धरणारा असे तिघेही सापडतात. 'सी ऑफ जॉय'मध्ये ग्रेच व्हायोलिनही वाजवतो. ते सुरेल आहे की कच्चं, यावर क्वायरवाल्याचं मत गिटारवाल्याच्या दहा मतांहून मोलाचं. निदान तिघे तरी असे हवेत ज्यांनी हा अल्बम कधीच ऐकलेला नाही.

ऐकवताना

दोन मिनिटांत एवढंच सांगा: चौघांची नावं, कोण काय वाजवतो, साल १९६९, गाणी सहा. क्लॅप्टनची थोरवी सांगू नका. ती सांगितली की लोक पहिल्या गाण्याची पावणेनऊ मिनिटं गिटारच्या सोलोची वाट बघतात, आणि या अल्बमवरची सगळ्यात जुनी नाराजी, 'क्लॅप्टन दबून वाजवतो', तिथेच तयार होते.

मोबाइल शांत करून एका टोपलीत. पहिल्या बाजूला कुरकुरीत काही नको, नुसतं पाणी. बाजू संपली की आधी पाच मिनिटं लिहायला द्या, मग चहा आणि भाजी-पाव वीस मिनिटं. हा क्रम उलटा करू नका. चहाच्या कपाभोवती मोठ्या आवाजाचा माणूस काही बोलतो आणि कागदावर सगळ्यांच्या तोंडी तेच येतं.

'डू व्हॉट यू लाइक' सुरू होण्याआधी एक छोटी तयारी करून घ्या. हे गाणं पाच मात्रांचं आहे. चारच्या सवयीने टाळी दिली की दुसऱ्याच आवर्तनात हात चुकतो आणि माणूस कंटाळतो. तो कंटाळा लांबीचा वाटतो, पण असतो मोजणी सुटल्याचा. ज्याला दहा मात्रांचा झपताल येतो त्याला 'धी ना, धी धी ना' एवढं अर्धं आवर्तन बोटांवर धरून दाखवायला सांगा. पाचची चाल अंगात बसायला एवढं पुरतं. ताल हा झपताल नव्हे, तिथे सम-खाली शोधू नये. फक्त पाचची सवय व्हावी. आतला विभाग दोन-तीन वाटतो की तीन-दोन, हा प्रश्न कागदावर घाला. मग सांगा की सोलो क्रमाने येतात: ऑर्गन, गिटार, बास, ड्रम. आपण कुठे आहोत हे कळलं की पंधरा मिनिटं लांब वाटत नाहीत, आणि तरीही वाटली तर ते मत खरं धरायचं.

कागद

ए-फोर कागदाचे चार तुकडे, प्रत्येक गाण्याला एक तुकडा, म्हणजे माणशी सहा. वर गाण्याचा क्रमांक आणि श्रोत्याची खूण, नाव नको. तीनच प्रश्न: कुठल्या क्षणी कान टवकारले, कुठल्या क्षणी लक्ष गेलं, पुन्हा ऐकाल का. खाली दहापैकी गुण. मराठी, कोंकणी, इंग्रजी, देवनागरी की रोमी, जे हाताला येईल त्यात लिहू द्या. 'बरें आसा पूण रितें दिसता' असं कुणी लिहिलं तर ते तसंच राहू द्या. 'चांगलं आहे पण पोकळ वाटतं' असं सुधारून लिहिलं की त्यातला तो 'रितें' हरवतो, आणि या अल्बमबद्दल तोच शब्द सगळ्यात नेमका असू शकतो.

'आवडलं का?' हा प्रश्न विचारूच नका. त्याला सगळे 'हो' म्हणतात.

बोलणं आणि मोजणं

सगळे कागद जमा झाल्यावरच चर्चा. ज्यांनी पहिल्यांदा ऐकलं त्यांनी आधी बोलायचं, जाणकारांनी शेवटी. गिटारवाला मधे तोंड घालायला लागला तर त्याच्या हाती चहाचा ट्रे द्या.

चर्चेत ठरावीक दावे येतात, ते अल्बमवरच तपासून घ्या. 'हा विनवूडचा अल्बम' असं कुणी म्हटलं तर मोजा: सहापैकी तीन गाणी त्याची, 'हॅड टू क्राय', 'कान्ट फाइंड' आणि 'सी ऑफ जॉय'. 'प्रेझेन्स' क्लॅप्टनचं, पण गातो विनवूड. 'डू व्हॉट यू लाइक' बेकरचं. 'वेल ऑल राइट' तर बडी हॉलीचं जुनं गाणं, जेमतेम दोन-सव्वादोन मिनिटांचं, आणि इथे पियानोच्या शेपटीसकट दुपटीचं झालेलं. म्हणजे दाव्यात पुष्कळ तथ्य आहे. 'घाईत केलेला आहे' असा दावा आला तर विचारा, कुठे ऐकू येतं ते? 'वेल ऑल राइट'चा शेवट पुन्हा वाजवा, मग बोलणाऱ्याला बोट ठेवायला जागा मिळते. नुसतं 'ऐकलंय की घाई झाली होती' हे मत नव्हे, ती वाचलेली बातमी; कागदावर तिला वेगळी खूण करा.

गुणांची सरासरी एकटी देऊ नका. समजा सहा जणांनी 'डू व्हॉट यू लाइक'ला ९, ९, ८, ३, ३, २ दिले आणि 'वेल ऑल राइट'ला ६, ६, ६, ५, ६, ५. दोन्हींची बेरीज ३४, सरासरी ५.७. आकडा एकच, पण पहिल्या गाण्याने खोलीचे दोन तुकडे केले आणि दुसऱ्याने कुणालाच हलवलं नाही. सगळे गुण एका ओळीत लिहा, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा ठळक करा. मग 'लक्ष कुठे गेलं' या उत्तरांतल्या जागा घड्याळाप्रमाणे मांडा. शेवटच्या गाण्यात बासच्या सोलोपाशी तिघांचं लक्ष सुटलं आणि ड्रमला परत आलं, असं दिसलं तर 'गाणं लांब आहे' यापेक्षा कितीतरी जास्त कळलं.

लिहून काढताना आवृत्ती, साधन, खोली, महिना आणि माणसं किती हे पहिल्या चार ओळींत टाका. श्रोत्यांची नावं नकोत, पण 'पहिल्यांदा ऐकणारा', 'तबला वाजवणारा' अशी ओळख ठेवा. एकाच माणसाचं वेगळं पडलेलं मत गाळू नका.

तीन आठवड्यांनी त्याच माणसांना पुन्हा बोलवा आणि या वेळी दुसरी बाजू आधी वाजवा. 'सी ऑफ जॉय' ताज्या कानांनी ऐकल्यावर गुण किती बदलतात ते जुन्या तुकड्यांशेजारी लिहा. त्यानंतर, आणि त्यानंतरच, डीलक्स आवृत्तीतलं 'कान्ट फाइंड माय वे होम'चं इलेक्ट्रिक रूप आणि हाइड पार्कचं चित्रण दाखवा. तबकडी त्याच रात्री पुसून उभी ठेवा, बाहेरच्या ओल्या भिंतीला लागून नको, आणि कपाटात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. मे महिन्यात त्या बदलायच्या, मिरग लागण्याआधी.